शाब्दिक उदाहरण आलं की पेन का थांबतं?

“मॅडम, समीकरण मांडून दिलं तर ती पटापट सोडवते. शाब्दिक उदाहरण आलं की पेन थांबलंच. नीट वाचत नाही का? क्लास बदलू का?”

दहावीच्या पालकांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा गणित भाग १ मधला पहिलाच पाठ, त्यामुळे शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की ही काळजी घेऊन घरंच्या घरं येतात.

गिरणारे भागातल्या एका आईनंही हेच विचारलं. घरी मेथी-कोथिंबिरीची शेती, माल नाशिकच्या बाजार समितीत जातो. मुलगी शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. “मला गणिताचं डोकंच नाही,” एवढंच बोलली. मी तिची वही मागितली.

एका पानावर हे उदाहरण होतं: ३ किलो द्राक्षं आणि २ किलो डाळिंबं मिळून ४८० रुपये, २ किलो द्राक्षं आणि १ किलो डाळिंबं मिळून २८० रुपये, तर प्रत्येकाचा दर काढा. तिनं ३क्ष + २य = ४८० आणि २क्ष + य = २८० अशी समीकरणं मांडून द्राक्षं ८० आणि डाळिंबं १२० रुपये किलो, असं बिनचूक उत्तर काढलं होतं. पुढच्या पानावर दुसरं: मेथी आणि कोथिंबिरीच्या मिळून ५० जुड्या, मेथीची जुडी १५ रुपये, कोथिंबिरीची १० रुपये, एकूण ६२० रुपये आले, तर जुड्या किती किती? इथे लिहिलं होतं, ‘क्ष = मेथी, य = कोथिंबीर. क्ष + य = ५०.’ त्याखाली ‘क्ष + य = ६२०.’ आणि त्याखाली कागद फाटेपर्यंत खोडाखोड.

तिची अडचण या दोन पानांत स्पष्ट दिसते. तिच्या लेखी क्ष म्हणजे वस्तू. खरं तर क्ष हा नेहमी आकडा असतो, कधी दराचा, कधी नगांचा. पहिलं उदाहरण ‘तीन द्राक्षं अधिक दोन डाळिंबं’ असं वाचलं तरी समीकरण बरोबरच येतं, म्हणून मार्क मिळतात आणि चुकीची समजूत तशीच राहते. दुसऱ्यात दर दिलेला आहे आणि नग शोधायचे आहेत, तिथे ती समजूत उघडी पडते. घरच्यांना वाटतं, काल आलं आणि आज येत नाही, म्हणजे लक्ष नाही. मुलांवर हा फार मोठा अन्याय होतो. ते कालही समजलेलं नव्हतं.

यात ढपणाचा काही संबंध नाही. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे वाक्य समीकरणात लिहायला दिलं होतं. ३७ टक्के चुकले. चुकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी सहाचा आकडा विद्यार्थ्यांच्याच अक्षराला जोडला; खरं तर प्राध्यापकांच्या संख्येला सहानं गुणलं की विद्यार्थ्यांची संख्या मिळते. मी हे तिला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा मान वर करून बोलली. “इंजिनिअरिंगचे?”

मग वही मिटली आणि विचारलं, “सध्या मेथीला काय भाव आहे?”

“दीड हजार शेकडा.”

“म्हणजे जुडी?”

“पंधरा.” आकडा जिभेवरच होता.

“बरं, समज मेथीच्या २० जुड्या होत्या. पैसे किती झाले?”

“मेथीचे तीनशे. कोथिंबिरीच्या तीस, तिचे तीनशे. सहाशे. वीस कमी पडतात.” थोडं थांबून स्वतःच म्हणाली, “कोथिंबिरीची एक काढून मेथीची एक घातली की पाच वाढतात. चार बदलायच्या. मेथी चोवीस, कोथिंबीर सव्वीस.”

आता तिचाच हिशोब कागदावर लिहायला सांगितला: १५ × २० + १० × (५० − २०). मग दोन्ही ठिकाणचे २० खोडून क्ष लिहायला लावला आणि पुढे ‘= ६२०’. समीकरण तयार.

“क्ष म्हणजे काय?”

“मेथी.”

मी काहीच बोलले नाही. तिनं कागदाकडे पाहिलं. “मेथीच्या जुड्यांची संख्या.”

आईला मी स्पष्ट सांगितलं, ताई, क्लास बदलायची गरज नाही. रात्री बसवून चाळीस-चाळीस उदाहरणं घेऊ नका, ‘इतकं सोपं तर आहे’ हेही म्हणू नका. रोज एकच उदाहरण घ्या. आधी अंदाजे आकडा धरून तोंडी हिशोब करू द्या, मग त्या आकड्याच्या जागी क्ष. दोनच गोष्टी विचारा: क्ष हा कशाचा आकडा आहे, रुपयांचा, किलोचा की नगांचा? आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट आहे ना? डावीकडे नुसत्या जुड्या आणि उजवीकडे रुपये, असं चालत नाही. अर्थात जे मूल साधा परिच्छेद वाचतानाच अडखळतं किंवा सुट्ट्या पैशांचा हिशोबही ज्याला जमत नाही, त्याची गोष्ट वेगळी. तिथे अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी आणि ती लांबवू नये.

पुढच्या भेटीत वर्गसमीकरणाचं एक दिलं: २४० रुपयांच्या वह्या घेतल्या, दर ४ रुपयांनी कमी असता तर तेवढ्याच पैशांत २ वह्या जास्त आल्या असत्या, तर दर किती? तिनं दर, नग, रक्कम असे तीन रकाने आखले आणि दोन ओळी भरल्या. क्ष शेजारी ‘एका वहीचे रुपये’ असं न सांगता लिहिलं. उत्तरं २४ आणि उणे २० आली; उणे २० तिनं आपणहून सोडून दिलं. वयाच्या उदाहरणांत ती अजून अडते. ‘पाच वर्षांपूर्वी’ म्हटलं की वडिलांचं वय कमी करते, मुलाचं तसंच ठेवते. त्यासाठी अजून एकदा भेटायचं ठरलं आहे.