वाचकांचे प्रश्न: निवृत्तीचे १४ लाख आणि ट्रम्प यांच्या कंपनीचा शेअर

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. माझे यजमान सातपूरच्या एका कारखान्यातून ३१ मे रोजी निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे १४ लाख बँकेत पडून आहेत. मुलगा अमेरिकेत डॅलसजवळ असतो. त्याने मार्च २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या कंपनीचे २५० शेअर ६२ डॉलरला घेतले होते. २०२५ मध्ये भाव सतराच्या आसपास उतरला. तो म्हणतो, बाबांनी इथून पैसे पाठवून त्यांच्या नावाने शेअर घ्यावेत, म्हणजे घरातल्या शेअरच्या खरेदीभावाचं ॲव्हरेज खाली येईल. ट्रम्प आता राष्ट्राध्यक्ष आहेत, कंपनीकडे बिटकॉइन आहेत, भाव चढणारच, असं त्याचं म्हणणं. यजमानांचा त्याच्यावर फार विश्वास. मला आकडे कळत नाहीत, पण रात्री झोप लागत नाही. काय करू?
(एक भगिनी, नाशिक रोड)

उत्तर: ताई, पैसे पाठवू नका. हे आधीच सांगते, कारण बाकीचं वाचायला वेळ लागेल आणि तेवढ्यात कुणी बँकेत फॉर्म भरून यायला नको.

मी ३१ वर्षं लोकांचे हिशेब तपासले. दुकान असो की कारखाना, माझा पहिला प्रश्न एकच असायचा: गल्ल्यात काय येतं? या कंपनीचं नाव ट्रम्प मीडिया अँड टेक्नॉलॉजी ग्रुप. तिची मुख्य वस्तू म्हणजे ट्रुथ सोशल हे समाजमाध्यम. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसदेवर जमाव चालून गेला, त्यानंतर ट्विटर आणि फेसबुकने ट्रम्प यांची खाती बंद केली. म्हणून हे त्यांचं स्वतःचं व्यासपीठ, फेब्रुवारी २०२२ पासून सुरू. २०२३ सालात कंपनीची मिळकत होती ४१ लाख डॉलर आणि तोटा ५ कोटी ८२ लाख डॉलर.

२६ मार्च २०२४ रोजी हा शेअर डीजेटी या नावाने, म्हणजे ट्रम्प यांच्या आद्याक्षरांनी, नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात आला. दिवसभरात ७९ डॉलरवर जाऊन ५८ ला थांबला. त्या भावाने कंपनीची किंमत झाली जवळपास ८ अब्ज डॉलर, म्हणजे वर्षाच्या मिळकतीच्या सुमारे दोन हजार पट. तुमच्या मेन रोडवरचं, वर्षाला एक कोटीची विक्री असलेलं आणि वर तोट्यात चालणारं साड्यांचं दुकान दोन हजार कोटींना घ्यावं, असा हा हिशेब. त्याच्या आदल्याच आठवड्यात रेडिट ही दुसरी समाजमाध्यम कंपनी बाजारात आली. तिची किंमत साधारण तेवढीच ठरली, पण मिळकत होती ८० कोटी डॉलरच्या वर.

मग हे ८ अब्ज आले कुठून? कुठूनच नाही. तुमच्याकडे रस्त्याकडेचा एक गुंठा कुणा हौशी माणसाने २० लाखांना घेतला, की गावातला प्रत्येक जण आपल्या पाच एकरांना तोच भाव लावतो आणि मनातल्या मनात ४० कोटींचा मालक होतो. पण दोनशे गुंठे एकदम विकायला काढले तर घेणारा कोण? ट्रम्प यांच्याकडे तेव्हा ७ कोटी ८७ लाख शेअर होते, निम्म्याहून जास्त, आणि सहा महिने ते विकायला बंदी होती. बाजारात फिरत होते ते थोडे, आणि ते घ्यायला त्यांना मानणारे लोक रांग लावून उभे होते. त्या थोड्या शेअरचा भाव सगळ्या शेअरना लावून वर्तमानपत्रांनी त्यांची संपत्ती साडेचार अब्जांनी वाढवली.

यातली एक अट मला अजून पचलेली नाही. शेअर २० दिवस साडेसतरा डॉलरच्या वर टिकला तर ट्रम्प यांना आणखी ३ कोटी ६० लाख शेअर मिळणार होते. ते एप्रिल २०२४ मध्ये मिळाले. नफ्याची अट नाही, ग्राहक वाढवण्याची नाही, फक्त भाव टिकण्याची. आणि भाव टिकवला कुणी? तुमच्या मुलासारख्यांनी, ६२ डॉलर मोजून. ट्रम्प यांनी स्वतःचे शेअर विकले नाहीत, हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी तसं जाहीर केलं होतं आणि ते पाळलं. डिसेंबरमध्ये सगळे शेअर एका ट्रस्टकडे गेले, ट्रस्टी त्यांचा थोरला मुलगा.

भाव कशाने हलतो ते पाहा. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तो १२ डॉलर होता. पाच आठवड्यांनी, निवडणूक तोंडावर आली तेव्हा, ५१. त्या सप्टेंबरला संपलेल्या तिमाहीत कंपनीची मिळकत होती जेमतेम १० लाख डॉलर. २०२४ सालाचा तोटा निघाला ४० कोटी डॉलर. त्यातला मोठा भाग कागदोपत्री आहे, रोख गेलेली नाही, हे मी हिशेबनीस म्हणून मान्य करते. पण मिळकत ४१ लाखांवरून ३६ लाखांवर आली, ती कागदोपत्री नाही.

आणखी एक. ज्या संस्थेने या कंपनीचे हिशेब तपासले होते, त्या बीएफ बॉर्गर्सवर अमेरिकेच्या बाजार नियामकाने मे २०२४ मध्ये कायमची बंदी घातली, कारण तिने शेकडो कंपन्यांचं तपासणीचं काम धड न करताच सह्या केल्या होत्या. ट्रम्प मीडियाचे आकडे खोटे होते असा याचा अर्थ नाही. कंपनीने दुसरे तपासनीस नेमले. पण त्या दिवशी ती बातमी मी दोनदा वाचली.

बिटकॉइनचं मुलगा म्हणतो ते खरं आहे. २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलर उभे करायचं जाहीर केलं आणि जुलैपर्यंत सुमारे २ अब्जांची बिटकॉइन व त्यांच्याशी जोडलेली गुंतवणूक घेतली. म्हणजे शेअरमागे आता काहीतरी ठोस आहे. पण ते उभारताना नवे शेअर काढले, म्हणजे मुलाच्या २५० शेअरचा वाटा पातळ झाला. आणि तुमचे १४ लाख ट्रुथ सोशलच्या नव्हे, बिटकॉइनच्या भावावर लागतील.

आता एक घरची गोष्ट. माझ्या वडिलांनी निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. ती काढणाऱ्या पुढाऱ्याला ते देव मानत, त्याची एकही सभा चुकवत नसत. कुजबुज सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, काढून घ्या. ते म्हणाले, साहेब असं करणार नाहीत, आणि मीच काढले तर साहेबांना काय वाटेल? तीन महिन्यांनी शटर खाली आलं. ठेवीची पावती निळ्या प्लास्टिकच्या पाकिटात होती. दर सोमवारी ते पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून ते त्या शटरसमोर जाऊन उभे राहायचे. माणसावरची निष्ठा आणि ठेव एकाच खिशात होती, म्हणून त्यांचा हात वेळेवर उचलला नाही. मुलाचा राग करू नका. त्याला ट्रम्प आवडत असतील तर आवडू देत. फक्त त्याला विचारा, मालकाचं नाव झाकलं तर हा शेअर तू घेतला असतास का?

ॲव्हरेजबद्दल: त्याचे शेअर १५,५०० डॉलरचे होते, सतराच्या भावाने ते सव्वाचार हजारांचे होतात. वडिलांनी नवे घेतले म्हणून ते ११,२५० परत येत नाहीत. शिवाय परदेशी गुंतवणुकीसाठी १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. म्हणजे तुमचे ८० हजार विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकतील.

यजमानांना साठ पूर्ण झाली असतील तर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. सध्याचा दर ८.२ टक्के. १४ लाखांवर दर तिमाहीला २८,७०० रुपये येतील. जन्मतारखेचा पुरावा, पॅन, आधार आणि निवृत्तीचं पत्र सोबत न्या, आणि खातं दोघांच्या नावाने उघडायचं आहे हे काउंटरवर आधीच सांगा.