बोट घेतली, आता ट्रेलर कोणता?

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. गळाने मासे धरण्यासाठी नुकतीच एक जुनी, 17 फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली. तिला 75 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. आधीचे मालक ती धक्क्यालाच बांधून ठेवत, त्यामुळे ट्रेलर मिळाला नाही. रोलरचा, म्हणजे बोट फिरत्या चाकांवर टेकवणारा, एक जुना ट्रेलर स्वस्तात मिळतो आहे. बंकचा, म्हणजे बोट लांब फळ्यांवर टेकवणारा, नवा बराच महाग पडतो. दोन्ही विक्रेते ‘17 फुटी बोटीला चालेल’ असे सांगतात. आमच्या मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा 3,500 पौंड आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : विक्रेत्यांनी आपल्याला लांबी सांगितली, आपण वजन विचारायला हवे होते. माहितीपत्रकात बोटीचे जे वजन छापलेले असते, ते बहुधा रिकाम्या सांगाड्याचे असते. आपल्या आकाराच्या बोटीसाठी ते 1,100 पौंड धरले, तर त्यात इंजिनाचे सुमारे 360, तीन बॅटऱ्यांचे दीडशेच्या वर, 24 गॅलन पेट्रोलचे जवळजवळ 150 आणि ट्रोलिंग मोटर (मासे धरताना बोट हळू चालवणारी विजेची छोटी मोटर), नांगर, बर्फाची पेटी, गळ-दोऱ्या यांचे आणखी 200 पौंड मिळवावे लागतात. म्हणजे बेरीज दोन हजारांच्या घरात जाते. ट्रेलरचे स्वतःचे वजन 600 पौंड असेल, तर ओढायचे ओझे 2,600 झाले. ट्रेलरच्या सांगाड्यावरील पट्टीवर ट्रेलरसह एकूण भारक्षमता कोरलेली असते. ती निदान 3,000 पौंड असावी. मिनीव्हॅनला हे ओझे पेलेल, मात्र गाडीत सहा माणसे बसवून नव्हे. हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या आकड्यावर, येणारा भार एकूण ओझ्याच्या 7 ते 10 टक्के, म्हणजे साधारण 180 ते 260 पौंड असावा. तो फार कमी राहिला, तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

रोलर की बंक, याबाबत माझा कौल बंकच्या बाजूने आहे. किनाऱ्यावर होडी ओढताना खाली ओंडके घालतात, तेच काम रोलर करतात; उथळ रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण ओंडक्यांवर होडी काही क्षणच असते, ट्रेलरवर ती वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस असते, आणि रोलरवर सगळा भार थोड्याच बिंदूंवर येतो. रिव्हेट मारलेल्या पातळ ॲल्युमिनियमला ते मानवत नाही. बंकच्या लांब फळ्यांवर भार पसरतो. त्या फळ्या बोटीच्या मागच्या उभ्या फळीपर्यंत, म्हणजे ट्रान्समपर्यंत, पोहोचल्याच पाहिजेत, कारण इंजिनाचे ओझे नेमके तिथे लटकते. फळ्या वीतभर आखूड असल्या, तर काही वर्षांत तळाला बाक येतो आणि बोट पूर्वीसारखी धावत नाही. विकत घेण्यापूर्वी टेप घेऊन मोजा. आणखी एक, सहसा कोणी न सांगणारी गोष्ट : तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड ओले राहिले, तर ॲल्युमिनियमला खाते. फळ्या कशाच्या आहेत हे स्पष्ट विचारा.

तळी गोड्या पाण्याची असल्याने रंगवलेला ट्रेलर पुरेल, असे आपल्याला सांगितले जाईल. उन्हाळ्यापुरते ते खरे आहे. परंतु डेट्रॉइट नदीत वॉलाय मासे मार्च-एप्रिलमध्येच येऊ लागतात आणि तेव्हा रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेले, लोखंड गंजवणारे मीठ अजून असते. जस्ताचा मुलामा दिलेला ट्रेलर मिळत असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजावेत.

तरीही स्वस्ताचा मोह सुटत नसेल, तर त्या जुन्या ट्रेलरचे टायर पाहा. बाजूवरील अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुने टायर खोल नक्षी दिसली तरी बदलावेत. चाक जॅकवर उचलून फिरवा. खरखर ऐकू आली, तर बेअरिंग गेलेले आहे. प्रवासाने तापलेले बेअरिंग थंड पाण्यात बुडताच आत पाणी ओढून घेते, म्हणून रॅम्पवर पोहोचल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबण्याची सवय लावून घ्या. टायर, बेअरिंग, दिवे आणि फळ्या यांचा खर्च मिळवल्यावर दोन्ही किमतींत किती अंतर उरते, ते कागदावर मांडून पाहा. ट्रेलरची मालकीची कागदपत्रे बोटीपासून स्वतंत्र असतात. त्यांवरील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर तो ट्रेलर फुकटही घेऊ नका.