आरोग्याची खात्रीची माहिती नेटवर नेमकी कुठे मिळते? वाचून गेलं की डॉक्टर म्हणतात, "गुगल करून येऊ नका."

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य झोंबलं, म्हणून उत्तर लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की आईचा व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट 22 आला, ब्रिटनच्या एका माहितीपानावर "25 च्या खाली म्हणजे कमतरता" असं वाचलंत, आणि 60 हजार युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक देण्याऐवजी रोज द्यावी का असं विचारल्यावर डॉक्टर चिडले. मी फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या या बाजूने सांगतो, पान चांगलंच होतं. घोळ एककाचा झाला, आणि तो कुणीतरी अर्ध्या मिनिटात समजावून सांगायला हवा होता.

आपल्याकडच्या लॅब व्हिटॅमिन डी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात. ब्रिटनमध्ये ते नॅनोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला अडीचने गुणलं की त्यांचा आकडा येतो. आईचे 22 म्हणजे तिकडचे 55. तिकडे 25 च्या खाली कमतरता आणि 50 च्या वर ठीक धरतात, म्हणजे ज्या पानाने तुम्हाला घाबरवलं त्याच पानाच्या हिशेबाने आई ठीक आहे. आपल्या बहुतेक रिपोर्टवर मात्र 20 ते 30 "अपुरं" असं छापलेलं असतं, त्यामुळे 22 पुढे खूण येते. ही 30 ची रेघ अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या 2011 च्या मार्गदर्शिकेतली. त्याच संस्थेने 2024 च्या नव्या मार्गदर्शिकेत तो आग्रह सोडून दिला. रिपोर्टवर छापलेली रेघ मात्र अजून जुनीच आहे. म्हणून पान कुठलंही असो, आधी तळाला जाऊन त्यातला मजकूर शेवटचा कधी तपासला ती तारीख बघायची. तारीखच नसेल तर ते पान वाचण्यात वेळ घालवू नका.

आता ती कॅप्सूल. 60 हजार युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. ब्रिटिश पानांवर रोजचा डोस 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट लिहिलेला असतो. तुमच्या हातातली एक कॅप्सूल त्याच्या 150 पट आहे. ती बहुधा आठवड्याला एक, 8 आठवडे, अशी दिलेली असते. ती रोज घेतली तर काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम चढतं. तहान लागते, मळमळतं, बद्धकोष्ठता होते, म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं, आणि किडनीला मार बसतो. काउंटरवर ही चूक नवी नाही. चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" घरी पोचेपर्यंत "एकदा" एवढंच उरतं. संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटचं तर याहून वाईट. तीही आठवड्याची गोळी, आणि रोज घेतली तर जिवावर बेतते. अशा गोळीच्या पाकिटावर मी वार लिहून देतो.

एककाचा हा घोळ फक्त डीपुरता नाही. साखर आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये, गुणक 18. तिकडचे 7 म्हणजे आपले 126. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन आपलं 1 म्हणजे तिकडचं 88. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, आपण टक्क्यांत सांगतो, आपले 6.5 तिकडे 48 होतात, आणि इथे सरळ गुणाकार चालत नाही, तक्ता बघावा लागतो. हिमोग्लोबिन 13 चं 130 दिसलं तर फक्त दहापट. त्यामुळे शोधताना नुसता आकडा टाकू नका, रिपोर्टवर छापलेलं एकक अक्षरन् अक्षर टाका. एआयला विचारणार असाल तरी हेच. एकक दिलं नाही तर तोही अंदाजाने उत्तर ठोकतो, आणि ठोकतो अगदी ठामपणे.

दुसरी चूक नावाची, आणि माझं जुनं भांडण इथलंच आहे. लोक ब्रँडचं नाव शोधतात, तेही मागचं शेपूट तोडून. त्या शेपटातच औषध असतं. बीपीच्या गोळीमागे "एच" म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, "एएम" म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. पित्ताच्या गोळीतला "डी" म्हणजे डॉमपेरिडोन, पण कॅल्शियमच्या गोळीतला "डी" म्हणजे व्हिटॅमिन डी. मधुमेहाच्या गोळीतला "एम" बहुधा मेटफॉर्मिन, सर्दीच्या गोळीतला "एम" मॉन्टेलुकास्ट. मुलाला अ‍ॅलर्जीची गोळी सुरू झाली, चार दिवसांनी पोरगं रात्री दचकून उठतं, दिवसभर चिडचिड करतं, असं म्हणत पालक येतात. त्यांनी घरी लेव्होसेटिरिझिन शोधलेलं असतं. त्यात झोप येते एवढंच सापडतं, म्हणून ते निर्धास्त. पण गोळीतलं दुसरं औषध मॉन्टेलुकास्ट असतं, आणि त्याच्यावर अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने मार्च 2020 मध्ये नेमक्या अशाच मानसिक परिणामांसाठी काळ्या चौकटीतला इशारा घातला. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला तसं होत नाही. पण होत असेल तर ते कुठल्या नावाखाली सापडेल हे तरी माहीत हवं.

म्हणून स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातलं "प्रत्येक गोळीत आहे" याच्या खालचं सगळं उतरवून घ्या, प्रत्येक औषध त्याच्या मिलिग्रॅमसकट. 2018 पासून नियमाने मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन फॉन्टने मोठं छापायचं असतं, पण तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणाला त्यातून सूट आहे, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच बारीक अक्षर. स्ट्रिप कापताना शेवटच्या गोळ्यांबरोबर ही बाजू आणि एक्सपायरी फाटून जाते, तेव्हा पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केल्यावर मूळ नाव, कंपनी, बॅच, एक्सपायरी, परवाना क्रमांक मिळतो. परिणाम-दुष्परिणाम तिथे शोधू नका.

मूळ नाव हातात आलं की साईटचा प्रश्न अर्धा सुटतो. मी आधी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, औषधांची यादी उघडतो, कारण त्यांची नावं आपल्याशी जुळतात. अमेरिकेचं मेडलाइनप्लस उत्तम आहे, सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे, जाहिरात नाही, पण तिथे पॅरासिटामॉलचं नाव अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लॅमाइडचं ग्लायब्युराइड. त्याच ग्रंथालयाचं डेलीमेड म्हणजे डब्यातल्या घडीच्या कागदाची पूर्ण प्रत. ती वरून खाली वाचू नका, घाम फुटेल. चौकटीतला इशारा, कुणी घेऊ नये आणि इतर औषधांशी टक्कर, हे तीन भाग वाचून बंद करा. दुष्परिणामांच्या तक्त्यात शेजारच्या रकान्यात प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेतलेल्यांचाही आकडा असतो. औषध घेतलेल्यांत डोकेदुखी 8 टक्के आणि खडूची गोळी घेतलेल्यांत 7, तर ती डोकेदुखी औषधाच्या माथी मारता येत नाही. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण तक्ता असाच असतो. आणि काही औषधं तिकडे सापडणारच नाहीत. निमेसुलाइड अमेरिकेत कधी मंजूरच झालं नाही. आपल्याकडे 2011 पासून 12 वर्षांखालच्या मुलांना ते बंद आहे, तरी घरातली जुनी बाटली काढून पोराला देणारे आजी-आजोबा आहेत. शोधून काहीच आलं नाही याचा अर्थ निर्धोक असा काढू नका.

शोधताना एक युक्ती. इंग्रजीत "साइट" लिहून एकाखाली एक दोन टिंबं द्या (site:), जागा न सोडता साईटचा पत्ता लिहा, मग औषधाचं नाव. निकाल तेवढ्याच साईटचे येतात. मराठीत "घरगुती उपाय" शोधाल तर पहिली दोन पानं एकमेकांची नक्कल करणाऱ्यांनी भरलेली असतात. मराठीतली आरोग्याची पानं वाईट आहेत असं म्हटलं की लोक चिडतात. चिडू देत. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं, यातलं एकही तिथे नसतं, आणि खाली चूर्णाची जाहिरात असते. मधुमेह "मुळापासून" बरा करणारी जाहिरात तर 1954 च्या जादूटोणावजा उपचारांच्या जाहिरातींवरच्या कायद्याने बेकायदाच आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात 54 आजार आहेत, त्यात मधुमेह आहे. डबीवर 14 आकडी एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे, औषध नव्हे, मग व्हिडिओतला माणूस पांढरा कोट घालून काहीही म्हणो. तो डॉक्टर आहे का हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत नावाने बघता येतं.

बातम्यांचं वेगळंच. 30 नोव्हेंबर 2023 ला गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल, म्हणजे पाळीच्या दुखण्यावरच्या गोळीबद्दल, सूचना काढली. ड्रेस नावाची एक दुर्मीळ, गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते, लक्ष ठेवा, आढळली तर कळवा, एवढंच तिच्यात होतं. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, आणि हे गोळी सुरू केल्यावर बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं. थोड्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं "पाळीच्या गोळीवर बंदी" झालं. मुली अर्धी स्ट्रिप परत घेऊन दुकानात. बंदी असती तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 अ खाली राजपत्रात आली असती, जशी ऑगस्ट 2024 मध्ये 156 मिश्रणांवर आली. तेव्हाही "पॅरासिटामॉल बंद" अशी हाकाटी झाली, प्रत्यक्षात अमुक औषध अमुक मिलिग्रॅममध्ये पॅरासिटामॉलशी जोडलेलं असेल तर तेवढं बंद होतं. आणि केंद्रीय औषध नियंत्रण दर महिन्याला निकृष्ट औषधांची जी यादी काढतं ती बॅचची असते. नाव जुळलं म्हणून गोळी टाकून देऊ नका, बॅच नंबर जुळवा.

पबमेडचा दुवा तोंडावर फेकणाऱ्यांसाठी एकच वाक्य: पबमेड ही वैद्यकीय संशोधन-लेखांची, ग्रंथालयात असते तशी सूची आहे, तिथे लेख आहे म्हणजे तो खरा आहे असा शिक्का नव्हे. डाव्या बाजूला माणसांवरचे अभ्यास आणि पद्धतशीर आढावा या खुणा लावा, हळदीवरचे निम्मे लेख उंदरांच्या पिंजऱ्यात परत जातात.

राहिलं डॉक्टरांचं. "गुगल करू नका" म्हणणाऱ्यांपैकी कितीजण मूळ नावाने चिठ्ठी लिहितात? औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं, हे त्यांच्याच आचारसंहितेत 2016 पासून आहे. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याला कारवाईची धार लावली आणि त्याच महिन्यात नियम स्थगित केले. नुसत्या ब्रँडने काय घोळ होतो बघा: एकाने फाल्सिगो लिहावं, दुसऱ्याने फाल्सिटॅब. दोन्ही मलेरियाची, आत मात्र एकात आर्टेसुनेट आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन. हे प्रकरण 2001 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि न्यायालयाने म्हटलं की औषधांच्या नावातल्या साधर्म्याला इतर मालापेक्षा कडक कसोटी लावा. पेशंटने चुकीचं वाचलं याचा राग येतो, मग त्याला बरोबर शोधता येईल असं नाव तरी लिहून द्या. जेनेरिकच्या दर्जाबद्दल डॉक्टरांची शंका अगदीच निराधार नाही, हेही कबूल. पण मूळ नाव लिहून कंसात ब्रँड लिहायला कुणाची ना नसते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास न पुरणं यासाठी शोधत बसू नका, 108 ला फोन लावा. आणि दुष्परिणामाची शंका आली तर 1800-180-3024 वर कुणीही कळवू शकतं, पेशंटसुद्धा.

आईचं म्हणाल तर रोज देऊ नका, ठरल्याप्रमाणेच चालू द्या. डॉक्टरांना "22 नॅनोग्रॅम आहे, 8 आठवड्यांनंतर थांबवायचं का?" एवढंच विचारा, त्यावर कुणी चिडत नाही. मात्र त्याआधी, आई बीपीची गोळी घेत असेल तर, तिची स्ट्रिप उलटी करून बघा. शेपटाला "एच" असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं, त्यात व्हिटॅमिन डीचे मोठे डोस आणि जोडीला कॅल्शियमची गोळी असेल तर रक्तातलं कॅल्शियम एकदा तपासून घ्यावं लागेल. स्ट्रिपवर काय निघतं ते खाली लिहा.