वडील गेले आणि मला रडूच आलं नाही

"वडील गेले, तेरावं झालं, तरी डोळ्यांतून टिपूस नाही. माझ्यातच काही कमी आहे का?" समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुधा घरातले थोरले मुलगे असतात, किंवा सगळं निभावून नेणाऱ्या मुली. त्यातलीच ही एक गोष्ट, सांगायची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. नाव द्यायचं नाही, म्हणून त्यांना 'थोरले' म्हणते.

थोरले भांडुपला राहतात, फोर्टात विमा कंपनीत नोकरी, वय पन्नाशीच्या आसपास. दादरला माझ्याकडे ते आपणहून आले नाहीत, बायकोने धाडलं. तिची तक्रार रडण्याबद्दल नव्हतीच. "मॅडम, हे रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर सिद्धेश्वर एक्स्प्रेस कुठवर पोचली ते बघत बसतात. आमचं कुणी गाडीत नसतं हो!" थोरले शरमून खाली बघत होते. थोरल्यांचे वडील, अण्णा, जाऊन तेव्हा तीनेक महिने झाले होते.

अण्णा कुर्डुवाडीचे. रेल्वेत गँगमन म्हणून, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत लागले, कीमन झाले आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाले. कीमन म्हणजे आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासणारा माणूस. जाताना नजर एका रुळावर, येताना दुसऱ्या. रूळ घट्ट धरणारी चावी सैल झाली तर हातोड्याने ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, काही वावगं दिसलं तर लाल झेंडा दाखवायचा. थंडीत रूळ आकसतो आणि पहाटे पहाटे तडकतो, उन्हाळ्यात फुगून वाकतो, पावसाळ्यात खालची भर वाहून जाते. थोडक्यात, बाराही महिने घराबाहेर. आषाढीला तर ते घरी दिसायचेच नाहीत. कुर्डुवाडीहून पंढरपूरला तेव्हा अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी जायची आणि वारीच्या दिवसांत ती माणसांनी ओसंडायची. "अख्खा महाराष्ट्र आमच्या गावावरून पंढरीला जायचा आणि आम्हाला बाप दिसायचा नाही," थोरले म्हणाले. त्या वाक्यात राग होता. तो त्यांना ऐकू आला नाही, मला आला.

अण्णा दुपारी गेले. फोन आला तेव्हा थोरले ऑफिसात होते. सोलापूरला जाणारी सिद्धेश्वर मुंबईहून रात्री साडेदहाच्या सुमाराला सुटते आणि पहाटे कुर्डुवाडीला पोचते. धाकट्याने बर्फाची लादी आणून अण्णांना ठेवलं होतं. थोरले रात्रभर बर्थवर बसून होते, पण कशासाठी? तर कुणाकुणाला कळवायचं राहिलं त्याची यादी करत. सकाळी खांद्यावर पाणी घेऊन फेऱ्या मारल्या, मडकं फोडलं, अग्नी दिला. गँगमधले म्हातारे साथीदार हमसून हमसून रडत होते. एकाने तर अण्णांच्या पायाला मिठी मारली, सोडवावी लागली. आणि थोरले लाकडांचे पैसे कुणी दिले ते विचारत होते. "परकी माणसं रडतात आणि मी हिशेब करतोय. लोक काय म्हणाले असतील?"

पण खरी बोच इथेही नव्हती. ती दहाव्याला होती.

दहावा पंढरपूरला, चंद्रभागेच्या वाळवंटात केला. पिंड मांडले. कावळे आजूबाजूला भरपूर, पण शिवायला एकही तयार नाही. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन कबुली द्यायला सुरुवात केली. धाकटा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. बहीण म्हणाली, माहेरपणावरून रुसणार नाही. सगळे थोरल्यांकडे बघायला लागले. चुलते म्हणाले, "बापाची इच्छा काय राहिलीय ती तुला ठावं पायजे. बोल की." थोरल्यांना काही सुचेना. ऊन चढलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. परतताना कुणी काही बोललं नाही, आणि तेच लागलं. "मॅडम, माझ्या बापाला काय हवं होतं, ते मला माहीतच नव्हतं."

कावळा का शिवला नाही, यावर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तो पक्षी आहे, त्याला भूक नसेल, असं सांगून कुणाचंही मन हलकं झालेलं मी पाहिलेलं नाही. शास्त्र वेगळं, सल वेगळा.

रडण्याचं मात्र स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे मयताच्या घरी बायका सांगतात, "रडून घे बाई, नाहीतर आत साचून राहतं." सांगणारीचा हेतू चांगला असतो. पण न रडलेलं दुःख आत साचतं आणि पुढे कधीतरी फुटतं, या समजुतीला अभ्यासातून फारसा आधार मिळालेला नाही. जॉर्ज बोनानो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शोकाकुल माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बरीचशी माणसं दुःख करता करताच कामाधामाला लागतात आणि त्यांच्यात काही बिघडलेलं नसतं, असं त्याला दिसलं. थोरल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दुःखाच्या पाच पायऱ्या वाचल्या होत्या आणि आपण कितव्या पायरीवर आहोत हे त्यांना हवं होतं. त्या पायऱ्या एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असं कुठे आहे? मला अधिक पटतं ते स्ट्रोब आणि शूट या संशोधकांचं १९९९ मधलं म्हणणं: माणूस घटकाभर दुःखात असतो, घटकाभर रोजच्या व्यवहारात, आणि हे येणंजाणं चालू राहणं निरोगीपणाचंच आहे. थोरल्यांच्या वाट्याला व्यवहार जास्त आला. मृत्यूचा दाखला, पेन्शन ऑर्डरची झेरॉक्स, आईंचं कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेचे खेटे. यात रडायला फुरसत कुणाला?

आणि रात्री एक वाजता सिद्धेश्वर कुठवर पोचली हे बघणाऱ्या माणसाला दुःख झालेलं नाही, असं कोण म्हणेल?

मी त्यांना एवढंच विचारलं, अण्णांबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे? अर्ध्या पानात संपलं. मग म्हटलं, ज्यांनी पायाला मिठी मारली त्यांना माहीत असेल. ते अण्णांच्या गँगचे मेट, म्हणजे मुकादम होते. थोरले दिवाळीत गेले, त्यांच्या ओट्यावर बसले आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून आणलं.

त्यातलं काही मीही ऐकलं. मे १९७४ चा रेल्वे संप झाला तेव्हा अण्णा नोकरीत नवे होते. अटका चालू होत्या, म्हणून अण्णा आणि मेट रानातल्या वस्तीवर लपून राहिले आणि अण्णांनी तिथे सगळ्यांना पिठलं करून घातलं. बापाला स्वयंपाक येतो हे थोरल्यांना पन्नाशीत कळलं. आणखी एक. थोरले गावी पोचले की अण्णा पहिला प्रश्न विचारायचे, "दौंडाच्या पुढं झटका लागला का रे?" कसा आहेस नाही, पोरं कशी आहेत नाही. याचा थोरल्यांना आयुष्यभर राग. मेट हसून म्हणाले, "आरं, त्यो समद्यांनाच इचारायचा. निवृत्त झाला तरी रात्री गाडीचा आवाज ऐकत पडायचा."

"म्हणजे ते प्रेम होतं का, मॅडम?" थोरल्यांनी विचारलं. हो म्हणणं सोपं होतं. पण जो प्रश्न अण्णा सगळ्यांनाच विचारत, त्यावर मी कशाला प्रेमाचा शिक्का मारू? ती सवय असेल, काळजी असेल, दोन्हीही असेल. मी विचारलं, "तुम्ही काय उत्तर द्यायचात?" ते म्हणाले, "झोपलो होतो, कळलं नाही." आणि बऱ्याच वेळाने, "एकदा तरी नीट लक्ष देऊन सांगायला हवं होतं."

त्यानंतर रागाबद्दल बोलता आलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे आपण इतकं पाळतो की त्याच्याशी भांडणंही बंद करतो. भांडुपच्या घरी अण्णा चार दिवसांवर कधी टिकले नाहीत, लोकलचा आवाज 'आपला' नाही म्हणायचे. हे सांगताना थोरले चिडलेही आणि हसलेही. रडले नाहीत. आजतागायत नाहीत, निदान माझ्यासमोर. गाड्या बघणं हळूहळू कमी झालं. मी ते बंद करा असं म्हटलं नव्हतं, झोप मात्र सांभाळायला सांगितली होती.

हे वाचून कुणाला स्वतःची काळजी वाटत असेल, तर डोळ्यांतलं पाणी मोजू नका. झोप, जेवण, कामावर जाणं, माणसांत बसणं याकडे बघा. सहा महिने उलटले तरी ओढ आणि वेदना तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडून बसलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हटलेलं आहे. अमेरिकी पद्धतीत प्रौढांसाठी ही मुदत बारा महिन्यांची आहे. त्यावर उपचार होतात. दारू वाढली असेल किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर मुदतीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं, डॉक्टर गाठायचा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

थोरले हल्ली माझ्याकडे येतात ते वेगळ्याच कामाला. आईंना भांडुपला आणायचं की कुर्डुवाडीलाच राहू द्यायचं, यावरून दोघा भावांत जुंपली आहे. आईंना कुणीच विचारलेलं नाही, म्हणून पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन यायला सांगितलंय.