माहेर निपाणी, सासर कोल्हापूर: ओबीसी महिला जागेवर उभं राहता येईल का?

गंगावेशीतल्या एका भगिनीचा प्रश्न आहे. माहेर निपाणीचं, लग्न होऊन अठरा वर्षं झाली. जात माहेरी-सासरी दोन्हीकडे कुंभार. बचत गट चालवतात, 2019 आणि 2021 च्या पुरात गटातल्या बायकांना घेऊन त्यांनी घराघरात डबे पोचवले. आता महापालिकेच्या निवडणुकीत प्रभागातली एक जागा ओबीसी महिलेसाठी निघाली आहे आणि एका पक्षाने तिकीट देऊ केलं आहे. जातीचा दाखला कर्नाटकातला आहे. सासऱ्यांकडे मात्र महाराष्ट्रातलं जात वैधता प्रमाणपत्र आहे. 'कागदाचं नंतर बघू, आधी अर्ज भरा' असं पक्षाची माणसं म्हणतात. शिवाय घरफाळा थकलाय आणि घरामागे गणपतीच्या मूर्ती करायला पत्र्याची शेड आहे. उभं राहावं का, असं त्या विचारतात.

ताई, जरूर उभ्या राहा. फक्त त्या जागेवरून नको.

जात जन्माने मिळते, लग्नाने नाही. सासरेही कुंभारच असले तरी त्यांचं वैधता प्रमाणपत्र तुमच्या कामाचं नाही, कारण हे प्रमाणपत्र देणारी जात पडताळणी समिती तुमच्या वडिलांकडचं रक्ताचं नातं बघते: वडील, सख्खा भाऊ, चुलते, चुलत भावंडं, आजोबा. दुसरी अडचण राज्याची. एका राज्यातला मागासवर्गीय माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला, की तिथल्या आरक्षणावर त्याचा हक्क आपोआप लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1990 आणि 1994 च्या निकालांत ठरवून टाकलं आहे, आणि कुंभार जात दोन्ही राज्यांच्या यादीत असल्याने त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्रात ओबीसीसाठी मानीव दिनांक, म्हणजे घराणं कुठलं हे ज्या दिवशीच्या रहिवासावरून ठरतं तो दिवस, 13 ऑक्टोबर 1967 आहे. त्या दिवशी तुमचे वडील किंवा आजोबा आजच्या महाराष्ट्रात कायमचे राहत होते का, एवढ्या एका प्रश्नावर सगळं अडतं.

आपल्या भागात या प्रश्नाला एक दुखरी बाजू आहे. 'आमची निपाणी मुंबई राज्यातच होती की!' असं सीमाभागातली माणसं मला सांगतात, आणि ते खरंच आहे. पण 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि मानीव दिनांक त्यानंतर अकरा वर्षांनी येतो. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्र सरकारने वेळोवेळी काही सवलती दिल्या आहेत. त्यांच्या भरवशावर राखीव जागेचा अर्ज भरू नका. माझ्या मते तो पाया फार कच्चा आहे.

एक वाट मात्र तपासून बघा. निपाणी आणि कागल यांच्यात अंतर असं कितीसं! पुष्कळ घराणी मुळात इकडची, धंद्यापायी तिकडे गेलेली. तुमचे आजोबा 1967 नंतर निपाणीला गेले असतील आणि त्याआधी कागल, करवीर किंवा कोल्हापूर शहरात राहत असतील, तर चित्र पालटतं. वडिलांना विचारा, त्यांची पहिली-दुसरी कुठल्या शाळेत झाली. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. त्यात जातीच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा; काही जुन्या रजिस्टरांत नुसतं 'हिंदू' लिहून कारकून मोकळा झालेला असतो. तहसील कार्यालयात गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद मिळू शकते. ती मोडीत असली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागेल. असा पुरावा हाती आला, तर प्रांत कार्यालयातून इथला जातीचा दाखला काढा आणि मग विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात पडताळणी समितीकडे अर्ज करा. समितीच्या दक्षता पथकाची घरचौकशी लागू शकते, म्हणून हे पंधरा दिवसांत उरकणारं काम समजू नका.

'नंतर बघू' म्हणणाऱ्यांचं म्हणणं थोडं खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. राखीव जागेसाठी अर्ज भरताना जातीचा दाखला जोडून, पडताळणीचा अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र दिलं, तर वैधता प्रमाणपत्र नंतर देण्याची सोय दिली जाते. आता त्या हमीपत्राचा मसुदा नीट वाचा. मुदतीत वैधता दिली नाही, तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होईल हे मला मान्य आहे, असं तुम्ही स्वतः लिहून देता. मुदत किती महिन्यांची आहे तेही तिथेच बघा. आपल्या शहराने याचा चटका सोसला आहे. नोव्हेंबर 2015 च्या निवडणुकीत आलेल्या विसाच्या आसपास नगरसेवकांनी सहा महिन्यांत वैधता दिली नव्हती. ऑगस्ट 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारकच आहे असं सांगितलं आणि या सगळ्यांच्या पदावर गदा आली. मुदत वाढवायला शेवटी सरकारला कायद्यात बदल करावा लागला. पण त्या नगरसेवकांकडे निदान इथले दाखले होते, उशीर झाला होता इतकंच. तुमचा मूळ दाखलाच परराज्यातला आहे, त्यामुळे मुदत कितीही वाढली तरी तुम्हाला उपयोग नाही.

आणि कुणी 'इथला दाखला मी काढून देतो, काळजी करू नका' म्हणत आलं, तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा. खोट्या माहितीवर दाखला मिळवणं हा 2001 च्या जात पडताळणी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. हमीपत्रावर सही तुमची असते, तिकीट देणाऱ्याची नाही. हे मी कळकळीने सांगतोय, कारण अशा प्रकरणात बाईचं नाव पेपरात येतं आणि दाखला आणून देणारा त्या दिवसापासून फोन उचलत नाही.

मग उभं राहायचं कुठून? सर्वसाधारण महिला जागेवरून. महापालिकेच्या 81 जागांपैकी 41 महिलांसाठी आहेत आणि सर्वसाधारण महिला जागेला जातीचा कुठलाच कागद लागत नाही. ओबीसी बाईने तिथे उभं राहू नये असा नियम नाही. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जागेला अ, ब, क, ड असं अक्षर असतं आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो. तुमच्या प्रभागात सर्वसाधारण महिला जागा असेल तर पक्षाला आजच सांगा, कारण पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या ए-बी फॉर्मवर प्रभाग आणि जागा लिहिलेली असते आणि शेवटच्या दिवशी धावपळीत ती बदलून मिळत नाही. तुमच्या प्रभागात ती नसेल तरी हरकत नाही. शहरातल्या कुठल्याही प्रभागाच्या मतदार यादीत नाव असलं, की दुसऱ्या प्रभागातून लढता येतं. तिथे पुरात डबे पोचवलेली ओळख कमी पडेल, हे मला समजतं.

नावावरून आठवलं. निपाणीच्या यादीतून तुमचं नाव वगळलं आहे का? दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही आणि विरोधक पहिल्यांदा तेच शोधतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही जवळ असू द्या.

घरफाळ्याचं सोपं आहे. महापालिकेची थकबाकी, आयुक्तांनी विशेष नोटीस दिल्यावर तीन महिन्यांत भरली नाही, तर अपात्रता येते. थकबाकी सासूबाईंच्या नावावर असेल तर ती काटेकोर अर्थाने तुमची नाही, तरी वाद घालत बसू नका. सगळी भरा आणि पावतीसोबत थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.

शेडचं मात्र मला जास्त वाटतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसाने बेकायदा बांधकाम केलं, तर पद जाऊ शकतं. म्हणजे तुमच्या मालकांनी उभी केलेली शेडही तुमच्या अंगावर येईल. ती कधी आणि कुणी उभारली, परवानगी घेतली होती का, याचे कागद शोधा. परवानगी नसेल तर नगररचना विभागात नियमित होते का विचारा. होत नसेल तर अर्ज भरायच्या आधी पत्रे उतरवा आणि उतरवल्याचे तारखेसह फोटो ठेवा. हंगामापुरती मूर्तीकामाला दुसरी जागा भाड्याने मिळेल.