फुलबॅक पारखायचा तर चेंडूवरची नजर काढ

मित्रा, अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजचा फुलबॅक (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पुढे वाट करून देणारा खेळाडू) पारखताना त्याने चेंडू घेऊन काढलेले यार्ड मोजत बसलास तर हाती फारसं काही लागणार नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याच्याकडे चेंडू क्वचितच येतो. त्याची भाकरी ब्लॉकिंगवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवण्यावर. व्हिडिओ बघताना आयसोच्या खेळीत (फुलबॅकने एकट्याने लाइनबॅकरला अडवायचं) तो लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, कुठे गाठतो ते बघ. पुढच्या फळीतल्या फटीतच गाठला तर उत्तम. धडकेआधी पाय थबकत असतील, मान खाली जात असेल, तर वरच्या पातळीवर तो हुकणारच. धडकेचा आवाज ऐकून आपण खूश होतो (हायलाइट्स त्यासाठीच बनवतात म्हणा), पण धडकेनंतरही पाय चालू राहतात का, ते बघ. आउटसाइड झोनमध्ये (कडेच्या बाजूने धावण्याच्या खेळीत) तर धावता धावता लक्ष्य बदलावं लागतं, तिथे नुसता दांडगटपणा चालत नाही.

पास हातांनी झेलतो की छातीवर घेतो, ब्लिट्झ (पास टाकणाऱ्यावर बचावाच्या जादा खेळाडूंची चाल) ओळखतो का, हेही टिपून ठेव.

स्पेशल टीम्सचे (चेंडूला लाथ मारण्याच्या खेळींतले) व्हिडिओ मात्र चुकवू नकोस. कित्येक संघ फुलबॅक ठेवतच नाहीत. संघाच्या ५३ जणांत जागा मिळवायची तर पंट आणि किकऑफला त्याचा उपयोग हवा.

आणि फक्त 'फुलबॅक' असा शिक्का असलेलेच शोधू नकोस. काइल यूझचेक हार्वर्डमध्ये टाइट एंडसारखा (ब्लॉकही करायचा, पासही झेलायचा) खेळायचा. २०१३ मध्ये एनएफएलच्या रेव्हन्स संघाने त्याला ड्राफ्टच्या (कॉलेज खेळाडूंच्या निवडीच्या) चौथ्या फेरीत घेतलं. पॅट्रिक रिकार्ड तर मेन विद्यापीठात डिफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीतला खेळाडू, होता. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच निवडलं नाही, तरी पुढे प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मानापर्यंत, पोचला. तेव्हा एखाद्या चांगल्या फुलबॅकला सातव्या, म्हणजे ड्राफ्टच्या शेवटच्या, फेरीचा दर्जा द्यायला बिचकू नकोस.