बारावीचं वर्ष एक्स्चेंजवर अमेरिकेत: करावं का?

तुमची लेक सोलापुरात अकरावी सायन्सला आहे आणि बारावीच्या वर्षी एक्स्चेंजवर, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकायला, अमेरिकेला जायचं म्हणते. ताई, तिला जरूर पाठवा, पण बारावीच्या ऐवजी नको.

शाळकरी एक्स्चेंजचा जे-१ व्हिसा जास्तीत जास्त एका शैक्षणिक वर्षाचा असतो. तिथली शाळा डिप्लोमा देईलच याची हमी नसते, बऱ्याचदा फक्त गुणपत्रक हाती पडतं. ते आपल्या बारावीच्या जागी चालत नाही. इकडे सीईटी, नीट, जेईई सगळं बारावीवर अडलेलं. म्हणून अकरावी पूर्ण करून एक वर्ष मध्ये घ्यायचं, परत येऊन बारावीला बसायचं. कॉलेजकडून तसं लेखी घ्याच, तोंडी 'बघू की' वर विसंबू नका.

वर्ष वाया जातं म्हणून नातेवाईक बोलतील. मला मात्र ते वाया वाटत नाही. परक्या घरात मुलगी स्वतःचे कपडे धुते, भांडी लावते, शाकाहारी असेल तर पहिल्या दिवशीच तसं नीट सांगते. हे क्लासमध्ये शिकवत नाहीत. यजमान कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नसतात, त्यामुळे जाताना सोलापुरी चादर आणि शेंगा चटणी नक्की द्या.

वयाची अट साधारण १५ ते साडेअठरा. एएफएससारख्या एक्स्चेंज घडवून आणणाऱ्या संस्थांचे अर्ज बरेच महिने आधी भरावे लागतात, तेव्हा पासपोर्ट आत्ताच काढा. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबई गाठावी लागेल.